नजरचूक समिती

पाटी रंगवणाऱ्याने शेवटची वेलांटी ओढली, शिडीवरून उतरला, दोन पावलं मागे सरला आणि आपलं काम डोळे भरून पाहिलं. पिवळ्या पत्र्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत 'नजरचूक समिती' असं लिहिलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. अक्षरं देखणी होती यात वाद नाही. अर्थ तपासणं त्याच्या कामात बसत नव्हतं. ते काम तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या डिक्शनरीबाईंचं होतं.

हे कार्यालय वजनमापं तपासणारं. दुकानदारांचे तराजू, किलोची वजनं, लिटरची मापं इथे यायची आणि खरी ठरली तर शिक्का घेऊन परत जायची. इमारत उंच, लिफ्ट दोन. एक नंबरची साहेबलोकांची, आरसा लावलेली. दोन नंबरची बाकीच्यांची आणि लोखंडी वजनांची. साऱ्या गावाची वजनं तपासणाऱ्या या कार्यालयात दोन नंबरच्या लिफ्टमध्ये एका खेपेला किती वजन चढतं, ते मात्र आजवर कुणी मोजलं नव्हतं. दिव्याखाली अंधार तो हाच.

नवे मोठेसाहेब आले आणि त्यांनी आल्या आल्या हुकूम काढला की यापुढे सगळा कारभार आपल्या भाषेत चालेल, इंग्रजी कागदावर मी सहीसुद्धा करणार नाही. हुकूम अर्थात इंग्रजीत होता. डिक्शनरीबाईंनी तो आपल्या भाषेत आणला आणि त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर कागदांचा पाऊस पडू लागला. बाई खूश होत्या. आजवर ज्यांनी त्यांना जिन्याखालची अडगळ समजून वागवलं, तेच आता 'बाई, जरा बघता का' म्हणत दारात उभे राहत होते. बाईंना शब्दांचा अभिमान होता आणि खोटं कशाला बोला, जरा जास्तच होता. कोशात नाही ते जगात नाही, असं त्यांचं ठाम मत.

पाट्यांच्या यादीत 'भांडार' आणि 'अधिकाऱ्यांचे स्वच्छतागृह' यांच्या मधोमध ती ओव्हरसाइट कमिटी होती. बाईंनी कोश उघडला. ओव्हरसाइट, पहिला अर्थ: नजरचूक. त्यांनी क्षणभर विचार केला. नजरचुका पकडणारी समिती असणार, दुसरं काय? दुसरा अर्थ त्याच पानावर खालच्या ओळीत होता, पण जेवणाची सुट्टी झाली होती आणि बाईंनी कोश मिटला. एवढंच घडलं. कुणाचा काही कट नव्हता.

इंग्रजी भाषेचाही खोडसाळपणा बघा. नजर ठेवणं आणि नजर चुकणं या दोन्हींना त्या लोकांनी एकच शब्द ठेवलाय. रखवालदाराला आणि चोराला एकाच नावाने हाक मारण्यातला हा प्रकार. त्यांचं त्यांना कसं कळतं देव जाणे, पण आपल्याकडे आल्यावर असा शब्द घरात घुसलेल्या मांजरासारखा वागतो. कुठलं भांडं पाडेल सांगता येत नाही.

पाटी लागली आणि इमारत हसू लागली. सहाव्या मजल्यावर काहीही काम नसलेले लोक सहाव्या मजल्यावर काम काढू लागले. तराजू घेऊन आलेले दुकानदार पाटीखाली उभे राहून फोटो काढत होते. फक्त समितीतल्या कुणाला काही कळलं नाही. इमारत, लिफ्ट, आगीचे बंब, पाण्याची टाकी या सगळ्यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला नेमलेले ते पाच जण रोज त्या दारातून आत-बाहेर करत होते आणि त्यातल्या एकानेही मान वर करून स्वतःच्या दारावरची पाटी पाहिली नव्हती. शेवटी बाहेरून आलेल्या एका पाहुण्या अधिकाऱ्याने अध्यक्षांना विचारलं, "नजरचूक समितीचे अध्यक्ष आपणच का?" आणि अध्यक्ष हसून म्हणाले, "हो हो, पहिल्यापासून मीच."

या अध्यक्षांना सगळे समितीसाहेब म्हणत, कारण इमारतीत अशी समिती नव्हती जिच्यात ते नव्हते. पाहुणा गेल्यावर त्यांना उलगडा झाला आणि डिक्शनरीबाईंना वर बोलावणं आलं.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"भाषांतर, सर."

"भाषांतर? अहो, अब्रू काढलीत माझी! नजरचूक समिती?"

"कोशात पहिला अर्थ तोच आहे." बाईंचा ताठा कायम होता. आपली चूक त्यांना तोवर कळून चुकली होती. कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

"पहिला, दुसरा, तिसरा मला सांगू नका. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख! या कार्यालयात या शब्दाचा अर्थ एकच. देखरेख!" समितीसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "मी परिपत्रक काढतो. यापुढे कुठल्याही कागदावर, कुणाच्याही बाबतीत या शब्दाला दुसरा शब्द वापरलेला दिसला, तर तुमची खैर नाही."

परिपत्रक निघालं. सही, शिक्का, सगळं रीतसर. बाईंनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं, म्हणजे अपमान रोज डोळ्यांसमोर राहील. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, दुसरं काय म्हणणार.

घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा नवरा हसला, सासूबाईंना अर्धंच कळलं तरी त्याही हसल्या. हसला नाही तो एकटा दीर. "वहिनी, तुम्ही बरोबर लिहिलं होतंत," तो म्हणाला. "मी त्या समितीकडे चपला झिजवल्यात. मला विचारा."

दीर म्हणजे दोन नंबरच्या लिफ्टवरचा लिफ्टमन. वहिनीच्याच खटपटीने चिकटला होता. पोरगा तसा साधा, पण त्या लिफ्टचं त्याला वेड. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचा, "वहिनी, आज दोन नंबर खरखरतेय." सासूबाई म्हणायच्या, "तू जेव आधी. खरखरणारी उपाशी राहिली नाही." गेले काही महिने ही खरखर वाढली होती. वजनांच्या पेट्या आणि माणसं एकाच खेपेला चढवू नयेत म्हणून त्याने देखभाल विभागाला सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. त्याने लेखी दिलं. मग समितीकडून निरोप आला, इंग्रजीत द्या. हा मोठेसाहेबांच्या आधीचा काळ. वहिनीने इंग्रजी करून दिलं. मग समिती म्हणाली, "बघू."

आपल्याकडे 'बघू' या शब्दाचा अर्थ कोशात मिळत नाही. बघायचं नसलं की माणूस 'बघू' म्हणतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा इंग्रजीला एकटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मग एक दिवस दोन नंबरची लिफ्ट पडली. एक नंबरच्या लिफ्टचा आरसा पुसणं चालू होतं म्हणून हिशेब खात्याचे हिशेबसाहेब नाइलाजाने दोन नंबरमध्ये शिरले. आत वजनांच्या पेट्या रचलेल्या. दीर म्हणाला, "सर, ही खेप जाऊ द्या, पुढच्या वेळी या." हिशेबसाहेब म्हणाले, "मला शिकवतोस?" तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट सुटली ती खालीच. दिराने जोर लावून हाताचा ब्रेक ओढला, पार लोंबकळला त्याला, तेव्हा कुठे ती तळाच्या हातभर वर कर्र करून थांबली. हिशेबसाहेबांचा घोटा मुरगळला. दिराच्या तळहाताची सालटी निघाली. नाहीतर दोघांचं काय झालं असतं ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दीर निलंबित झाला. चौकशी कुणाकडे? अर्थात समितीकडे. कुंपणानेच शेत खाल्लं आणि कुंपणालाच पंचनामा करायला सांगितलं.

घरात सुतकी कळा आली. दिराचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी बँकेत होती, दोघांची पसंती होती, पण मुलीच्या वडिलांनी बातमी ऐकली आणि निरोप धाडला, "बघू." दीर दिवसभर खिडकीशी बसून हाताच्या पट्टीची टोकं उचकटत बसायचा. एकदाच बोलला. "वहिनी, नोकरी गेली तर दुसरी मिळेल म्हणता तुम्ही. पण लिफ्ट पाडणारा लिफ्टमन कोण ठेवेल?" रात्रभर वहिनींना एकच वाटत राहिलं, याला इथे चिकटवला मीच.

समितीचा अहवाल आठवड्यात तयार झाला. अकरा वर्षांत न बसलेली समिती तीनदा बसली, यावरूनच ती किती घाबरली होती ते कळतं. अहवाल इंग्रजीत होता, कारण स्वतःला वाचवायचं असलं की समितीसाहेबांना इंग्रजीच सुचे. आणि मोठेसाहेबांपुढे जायचा म्हणून भाषांतराला आला डिक्शनरीबाईंकडेच. बाई लिफ्टमनची सख्खी वहिनी, हे इमारतीत कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं. फक्त समितीच्या ते लक्षात आलं नाही.

बाईंनी दार लोटून वाचायला घेतलं. दोन नंबरची लिफ्ट समितीच्या अखंड ओव्हरसाइटखाली होती. हा पहिला परिच्छेद. हिशेबसाहेब केवळ घोटा मुरगळण्यावर सुटले, जे काही घडलं त्यामागे निव्वळ लिफ्टमनची ओव्हरसाइट आहे. हा दुसरा. अशा ओव्हरसाइटची कार्यालयाने गांभीर्याने दखल घ्यावी आणि संबंधिताला तिचं यथायोग्य फळ द्यावं. हा शेवटचा.

बाईंना इतका संताप आला की अक्षरं दिसेनात. तोच शब्द! वरच्या मजल्यावर बसला की त्याचा अर्थ देखरेख आणि लिफ्टमध्ये उभा राहिला की नजरचूक. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकून ठाऊक होतं, पण त्या सुळीचं भाषांतर आपल्याच हातून करून घेतील, हे त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी पेन उचललं. पहिल्या परिच्छेदात 'देखरेख' लिहिलं. दुसऱ्यात 'नजरचूक' लिहायला गेल्या, 'न' काढला, आणि काचेखालचं परिपत्रक दिसलं. कुठल्याही कागदावर. कुणाच्याही बाबतीत.

बाईंनी 'न' खोडला. शब्दाला आयुष्यभर जपलेल्या बाई त्या, चुकीचा शब्द जाणूनबुजून लिहायचा म्हणजे त्यांच्या अंगावर काटा येत होता. शेवटी कागद घेऊन त्या सहाव्या मजल्यावर गेल्या. जिन्याने.

समितीसाहेब फोनवर होते. बाई उभ्याच राहिल्या.

"सर, हा शब्द अहवालात दोन अर्थांनी—"

"कुठला?"

"ओव्हरसाइट. लिफ्टमनच्या बाबतीत मी वेगळा शब्द घातला तर—"

"पुन्हा तेच!" समितीसाहेबांनी फोनवर हात ठेवला. "परिपत्रक वाचता येत नाही का तुम्हाला? एकच शब्द!"

"लिफ्टमनलाही?"

"लिफ्टमनला काय, झाडूवाल्यालाही! आता मला छळू नका. संध्याकाळपर्यंत पाठवा, सह्या करून टाकतो."

पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती ही. बाई खाली आल्या आणि त्यांनी आयुष्यातलं सर्वांत आज्ञाधारक भाषांतर केलं. 'हिशेबसाहेब केवळ घोटा मुरगळण्यावर सुटले, जे काही घडलं त्यामागे निव्वळ लिफ्टमनची देखरेख आहे. अशा देखरेखीची कार्यालयाने गांभीर्याने दखल घ्यावी आणि संबंधिताला तिचं यथायोग्य फळ द्यावं.' वाचून पाहिलं तर काय, शब्द चुकला होता आणि झालं होतं तेच लिहून आलं होतं. पोराने खरंच ब्रेक ओढला होता. पाटीच्या वेळीही असंच झालं होतं. बाईंना पहिल्यांदाच आपल्या कोशाची थोडी भीती वाटली.

संध्याकाळी पाची सदस्यांनी सह्या केल्या. कुणी वाचलं नाही. आपण लिहिलेलंच परत काय वाचायचं?

मोठेसाहेबांच्या बैठकीत भाषांतराची शंका आली तर असाव्यात म्हणून बाईंनाही बोलावलं होतं. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. मोठेसाहेबांनी चष्मा चढवून अहवाल शेवटपर्यंत वाचला. तो वाचणारे ते इमारतीतले पहिलेच. मग चष्मा काढून म्हणाले, "वा! मला वाटलं होतं तुम्ही नेहमीप्रमाणे खालच्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडाल. तुम्ही तर त्याचं कौतुक केलंत. मन मोठं लागतं याला."

समितीसाहेबांच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही. मग त्यांनी समोरची प्रत ओढली, वाचली, आणि त्यांचा रंग पत्र्याच्या पाटीसारखा पिवळा झाला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मांडीवरचं परिपत्रक सरळ केलं, बास, एवढंच केलं.

"हे तुमचंच मत ना?" मोठेसाहेबांनी विचारलं.

आता बोलायचं काय? चूक झाली म्हणावं तर खाली सही. न वाचता केली म्हणावं तर कामच मुळी लक्ष ठेवण्याचं. भाषांतरात घोटाळा आहे म्हणावं तर घोटाळ्याचं परिपत्रक स्वतःचं. समितीसाहेबांनी पाण्याचा पेला रिकामा केला आणि म्हणाले, "अर्थात, सर. एकमताने." बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. अळीमिळी गुपचिळी.

"मग यथायोग्य फळ काय द्यायचं?" मोठेसाहेब विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो, ज्याला देखरेख कळते तो लिफ्टमध्ये कशाला? त्याला तुमच्या समितीत घ्या."

घरी त्या दिवशी दिवाणखान्यात सगळे एकदमच बोलत होते. सासूबाई आनंदाने रडल्या, नवऱ्याने भावाला उचलून घेतलं, मुलीच्या वडिलांचा फोन आला आणि त्यांनी या वेळी 'बघू' म्हटलं नाही. दीर वहिनीच्या पाया पडायला वाकला. "वहिनी, मी त्या समितीला सुतासारखी सरळ करतो बघा. पहिलं काम दोन नंबर. तिचा लोखंडी दोर बदलल्याशिवाय खुर्चीवर बसणार नाही." वहिनींना इतकं भरून आलं की नेहमीसारखं त्याचं व्याकरणही सुधारावंसं वाटलं नाही.

पहिला आठवडा तो खरंच बसला नाही. उभा राहूनच बोलला. मग त्याला खुर्ची मिळाली, खुर्चीला फिरकी होती. मग कोट आला. एक नंबरच्या लिफ्टचा पास आला. लग्न झालं, थाटात झालं, समितीसाहेब जातीने आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटोत उभे राहिले. दोन नंबरवर नवा लिफ्टमन नेमण्याचा विषय बैठकीत निघाला तेव्हा असं ठरलं की बटण तर कुणीही दाबू शकतं. त्या ठरावावर सहावी सहीसुद्धा होती.

पुढे एका सकाळी बाईंच्या हातात कोशांचे चार खंड होते म्हणून त्या जिना सोडून दोन नंबरमध्ये शिरल्या. आत वजनांच्या पेट्या, पेट्यांवर माणसं. दार लागलं आणि आवाज आला. अगदी तोच आवाज, जेवताना दीर नक्कल करून दाखवायचा तसा. दुसऱ्या मजल्यावर दार उघडताच बाई बाहेर पडल्या आणि खंड छातीशी धरून उरलेले मजले चढल्या. वर पोचल्या तेव्हा धाप लागली होती. सहाव्या मजल्यावर 'देखरेख समिती'च्या नव्या पाटीखालून दीर कुणाशी तरी हसत आत गेला. त्याने वर पाहिलं नाही.

रात्री सगळे जेवायला बसले होते. धाकट्या जाऊबाई वाढत होत्या. वहिनींनी घास खाली ठेवला.

"भाऊजी, दोन नंबर खरखरतेय."

पूर्वीचा असता तर ताट सरकवून उठला असता. कुठल्या मजल्यावर, चढताना की उतरताना, शंभर प्रश्न विचारले असते. दिराने पाणी प्यायलं, तोंड पुसलं. समजूतदारपणे मान हलवली.

"लेखी द्या ना, वहिनी," तो म्हणाला. "बघू."